मंत्रिमहोदय, आमची सहल दीड तिकिटात होते

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



राज्याचं नवं पर्यटन धोरण २०२४ मध्ये जाहीर झालं. दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार, असं उद्दिष्ट त्यात आहे. वाचून बरं वाटलं. आमच्या घरची सहल त्यात कुठे बसते, तेवढं मात्र सापडलं नाही. म्हणून हे पत्र.

मी अकोल्यात राहते, माहेर अमरावतीचं. खाजगी शाळेत शिकवते. नवरा कृषी केंद्रात कामाला आहे. घरात पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. घराचा हप्ता, किराणा, सासूबाईंच्या गोळ्या आणि पोरीच्या नर्सरीची फी भागवून जे उरतं त्यात गोवा बसत नाही, काश्मीरचं पॅकेज तर नाहीच. कर्ज काढून फिरायला जायची रीत आमच्या गल्लीत अजून आली नाही, आणि येऊही नये. पण लेकराला घेऊन कुठेतरी जायचं असतंच. ते ‘कुठेतरी’ घरापासून शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत असतं, सकाळी निघून रात्री परत किंवा फार तर एका मुक्कामाचं. अकोला-अमरावतीतली बहुतेक नोकरदार, दुकानदार घरं अशीच फिरतात. तुमच्या खात्याच्या हिशेबात आम्ही पर्यटक आहोत की नाही, हा माझा पहिला प्रश्न.

आमचं वर्ष कसं चालतं ते आधी सांगते. मृगाचा पाऊस आला की कृषी केंद्रावर बियाण्या-खताची झुंबड उडते. जून-जुलैत नवऱ्याला डोकं वर काढायला फुरसत नसते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन घरात येतं, कापसाची वेचणी लागते, उधारीचे हिशेब मिटतात ते तेव्हाच. दुकान सोडून जायची सोय नाही. मोकळा राहतो तो मे. आणि मे महिन्यात वऱ्हाडात काय असतं? २०२४ च्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी १४४ कलम लावावं लागलं. एरवी जमावबंदीसाठी वापरायचे ते कलम आमच्याकडे ऊन आवरायला आलं. विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रानंतर, जून संपत आल्यावर उघडतात त्या याच कारणाने. जाहिरातीत मे महिन्याची सुट्टी म्हणजे समुद्र आणि आंबे. आमच्याकडे ती दुपारभर कुलरसमोर लोळण्यात जाते.

पूर्वी यावर मामाचं गाव हे उत्तर होतं. सासूबाईंचं माहेर अचलपूरचं. मूर्तिजापूरला शकुंतला नावाची छोटी आगगाडी पकडायची, शहात्तर किलोमीटरला चारेक तास लावायचे, आणि गाडीतच निम्मी सुट्टी साजरी व्हायची. गाडी इतकी हळू जायची की पोट्टे मधेच उतरून बोरं वेचत आणि पळत येऊन पुन्हा चढत, असं त्या सांगतात. थोडं मीठ-मिरची लावूनच सांगत असतील. ती नॅरोगेज आता थांबली आहे. अकोटहून मेळघाटातून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज २०१७ मध्ये बंद झाली. धूळघाटला डोंगराला वळसा घालून गाडी आपल्याच रुळांवरून पुढे जायची, तो देखावा तिच्यासोबत गेला. रुंद रुळांवरची अकोला-अकोट गाडी २०२२ पासून धावते आहे. हे रेल्वेचं खातं, त्याचा जाब तुम्हाला विचारत नाही. सांगायचं एवढंच, की पोरीचा मामाही आता गावात राहिलेला नाही. तो पुण्यात हिंजवडीला आहे, वन बीएचकेत, आणि दिवाळीला तोच इकडे यायला निघतो. खाजगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये असा सरकारी निर्णय २०१८ चा आहे. दिवाळीच्या आठवड्यात पुणे-अमरावतीचं भाडं मोबाईलवर पाहिलं की हा निर्णय कुणी वाचलाय की नाही, अशी शंका येते.

तरीही आमची सहल महाग नाही, आणि ही गोष्ट सरकारच्या बाजूची आहे म्हणून मुद्दाम नोंदवते. एसटीत पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही. पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे सासूबाई फुकट, पोरगी फुकट, माझं अर्धं आणि नवऱ्याचं पूर्ण. चार माणसांचं कुटुंब दीड तिकिटात निघतं. कंडक्टर सासूबाईंचं आधार कार्ड पाहतो, पोरीकडे पाहतो, “लेकराले किती वर्षं झाले, बाई?” विचारतो, आणि पोरगी माझ्याआधी चार बोटं दाखवते. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं. तरी दीड तिकीट ते दीड तिकीट. पुढल्या वर्षी पोरीला अर्धं लागेल, तेव्हा दोन होतील. एवढ्या स्वस्तात आम्हाला घराबाहेर काढणारं सरकार आम्ही उतरतो तिथे काय करतं, ते आता सांगते.

चिखलदरा घ्या. विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, अकराशे मीटरहून उंच. कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रजाने ते १८२३ मध्ये हेरलं असं पुस्तकात आहे. त्याच्या कितीतरी आधी भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, ही आमच्या आजीची आवृत्ती. पोरीला कीचक पटतो, रॉबिन्सन नाही.

अकोल्याहून अकोट, अंजनगाव करत परतवाडा; तिथून घाटाची गाडी. घाटात वळणं सुरू झाली की सासूबाई पिशवीतून लिंबू काढतात, अर्धं स्वतः हुंगतात, अर्धं नातीच्या नाकाशी धरतात. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखट नको म्हणणाऱ्या मानकरीणबाईंसाठी गूळ-तूप. श्रावणात गेलात तर वर ढग उतरलेले असतात. देवी पॉइंटला गेलो तर दरी दिसत नाही, गाविलगड दिसत नाही, शेजारी उभा असलेला नवराही नीट दिसत नाही. मोठी माणसं चिडतात, एवढ्या लांबून आलो आणि पाहायला काहीच नाही म्हणून. पोरगी खूश असते. ढग तोंडात घेता येतो का, हे ती तोंड उघडं ठेवून तपासत असते. मग चिखलाचं एक डबकं सापडतं, एक वानर कुणाचं तरी कणीस पळवतं, रबडीच्या दुकानात द्रोण मिळतो. तिची सहल तिथेच पूर्ण झालेली असते. लहान लेकराला लागतं ते एवढंच, आणि त्याला सरकारी पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो पुढच्या गोष्टीला. एसटी स्टँडवर सोडते. पॉइंट एकमेकांपासून लांब, काही तर काही किलोमीटरवर. सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि चार वर्षांच्या पायांना ते अंतर झेपत नाही. मग जीप. रविवारी जीपवाला सांगेल तो भाव, आणि दीड तिकिटात जे वाचलं ते एका फेरीत जातं. त्याच्यावर राग नाही. त्याचे चार महिने पावसाचेच. पण महाबळेश्वरला स्टँडवरून एसटीची दर्शनाची गाडी सुटते, सीटचं तिकीट काढा आणि बसा. तशी ‘चिखलदरा दर्शन’ रोजच्या वेळापत्रकात कायमची असायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट बोलायला अवघड, पण आईने नाही बोलायची तर कुणी? चार वर्षांचं लेकरू ‘शू’ म्हणतं तेव्हा हातात दोन मिनिटं असतात. वाटेतल्या एका स्टँडवर (नाव घेत नाही, कारण तो एकटा नाही) बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेला होता. अंगावर पिणाऱ्या लेकरांच्या आयांसाठी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, ती चांगली योजना आहे. त्या स्टँडवरच्या हिरकणी कक्षात झाडू, फिनाईलचे कॅन आणि मोडकी खुर्ची होती. एक तरुण बाई भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून बाळाला पाजत होती. तिची सासू तिच्यापुढे ओढणी धरून उभी होती, हात दुखले की बदलत. महोदय, २०२३ मध्ये तुमच्या खात्याने महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाचा धंदा करू पाहणाऱ्या बाईला त्यात कर्जाच्या व्याजात सवलत आहे, ते उत्तमच. प्रवास करणाऱ्या बाईला उघडं दार आणि नळाला पाणी मिळालं तर ते धोरण गावोगाव पोचलं असं मी म्हणेन.

आता स्कायवॉकचं बोलते. चिखलदऱ्याला गोराघाट आणि हरिकेन पॉइंटच्या मधे चारशे मीटरहून लांब काचेचा पूल उभारायचं काम सिडकोकडे आहे. वन्यजीवांच्या परवानग्यांत ते बरीच वर्षं रखडलं, बातम्या आम्ही वाचत आलो. तो पूल व्हावा. त्याने गर्दी येईल, परतवाड्याच्या हॉटेलवाल्याचा धंदा वाढेल, जवळच्या मोथा गावची स्ट्रॉबेरी खपेल. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याचा विमानतळ सुरू झाला, मुंबईचं विमान अमरावतीला उतरू लागलं, त्याचाही आनंद आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. दरीवरच्या काचेवरून चार वर्षांच्या पोरीला मी चालवणार नाही आणि सासूबाई तर खाली पाहणारसुद्धा नाहीत. ज्या चिखलदऱ्याला काचेचा पूल परवडतो, त्याला प्रत्येक पॉइंटवर पाण्याचं एक टाकं, एक सावलीचा बाक आणि रोज धुतलं जाणारं स्वच्छतागृह न परवडायला काय झालं? बातमीत मोठा पूल येतो, बाक येत नाही, हे मलाही कळतं. पण बाक लागतो तो रोज.

“लोक घाण करतात, सरकार किती पुरणार?” असं तुमचे अधिकारी म्हणतील. त्यांना एकदा शेगावला पाठवा. अकोल्याहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोचतील. स्टेशनबाहेर गजानन महाराज संस्थानची बस उभी असते, तिला तिकीट नाही. भक्तनिवासात माफक भाड्यात खोली मिळते आणि चादर धुतलेली असते. दर्शनबारीत लेकरू कुरकुरलं तर पांढऱ्या कपड्यातला सेवेकरी पाण्याचा पेला घेऊन येतो, “माउली” म्हणून हाक मारतो. महाप्रसादाला पैसे लागत नाहीत. आणि स्वच्छतागृह! वऱ्हाडातल्या बायका शेगावचं कौतुक करताना देवळाच्या कळसाआधी त्याचं करतात, तुम्ही विचारून पाहा. ही व्यवस्था संस्थानचे विश्वस्त कै. शिवशंकरभाऊ पाटील यांनी आयुष्यभर खपून बसवली, आणि ते गेल्यावरही ती चालू आहे. लोकही तेच आहेत. इतरत्र जिथे-तिथे थुंकणारा माणूस शेगावला कागदाचा कपटा खिशात घालतो, कारण पाच मिनिटांत कुणीतरी तो उचलायला येणार हे त्याला ठाऊक असतं. संस्थानची आनंदसागर बाग मधे काही वर्षं बंद राहिली तर अख्ख्या वऱ्हाडातल्या पोरांची खेळगाडी गेली, एवढी त्या एका संस्थानवर आमची भिस्त आहे. देवाच्या नावाने जे होतं ते शासनाच्या नावाने का होऊ नये? उत्तर भक्तीत शोधू नका, रोजच्या देखरेखीत शोधा.

जिथे मुक्काम करायचा त्या खोलीचंही तेच. चिखलदऱ्याला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, सेमाडोह-कोलकासला वनखात्याच्या खोल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी त्या आधीच भरलेल्या असतात. मग खाजगी लॉज. शुक्रवारचा भाव शनिवारी दुप्पट, श्रावणात तर विचारूच नका. मी फुकट मागत नाही. दर पाटीवर लिहिलेला असावा, लेकराच्या दुधासाठी पाणी गरम करून मिळावं आणि खोलीच्या दाराला आतून धड कडी असावी. चिखलदरा आणि अचलपूर तालुक्यातल्या बचत गटांच्या बायकांना घरातल्या एक-दोन खोल्या चालवायला द्या. त्या ‘आई’ धोरणाचा खरा उपयोग इथे आहे. आम्हाला भाकरी-पिठलं मिळेल, त्यांना चार पैसे मिळतील आणि बाई असलेल्या घरात लेकरू घेऊन राहायला आम्हालाही धाकधूक वाटणार नाही.

जंगलाचं थोडक्यात. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला. नरनाळा किल्ला आमच्याच अकोट तालुक्यात, शहानूरवरून जायचं. पण सफारीची अख्खी जिप्सी घ्यायची तर सहा सीटचा खर्च आमच्यासारख्या चौघांवर पडतो. सीटप्रमाणे तिकीट असलेली मोठी गाडी ठेवली तर शिक्षक, शिपाई, पानठेलेवाला, सगळ्यांची पोरं जंगल पाहतील. वाघ नाही दिसला तरी चालेल. गव्याचं शेण दाखवलं तरी आमची पोरगी आठवडाभर तेच सांगते.

आणि ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांच्यासाठी शहरातच सोय आहे, फक्त तिच्या वेळा ऑफिसच्या घड्याळावर आहेत. अमरावतीचं वडाळीचं बांबू गार्डन, छत्री तलाव. अकोल्यात कृषी विद्यापीठाचा हिरवा परिसर. विद्यापीठाच्या शिवारफेरीला शेतकरी येतात तशी शहरातली घरंही लेकरांना घेऊन येतात, ज्वारीचं ताट डोक्यापेक्षा उंच असतं हे पाहायला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून पोरांना मैदानावर आणलं. उन्हाळ्यातली शिबिरं तिथे पहाटे भरतात, कारण त्यांना आपलं ऊन ठाऊक आहे. सरकारी बागेला आणि संग्रहालयालाही ते ठाऊक असायला हवं. मे महिन्यात सकाळी दहाला उघडून संध्याकाळी पाचला बंद होणारी जागा वऱ्हाडातल्या लेकरासाठी बंदच आहे. नेमक्या त्याच वेळात बाहेर पडू नका, असं जिल्हा प्रशासन सांगत असतं.

तेव्हा मागण्या या. परतवाड्याहून सकाळी निघणारी, सीटच्या तिकिटावर सगळे पॉइंट दाखवून अंधार पडायच्या आत खाली आणणारी ‘चिखलदरा दर्शन’ एसटी, वर्षभर. त्यासाठी परिवहनमंत्र्यांशी एक बैठक पुरेल. चिखलदऱ्याच्या प्रत्येक पॉइंटवर आणि वाटेवरच्या प्रत्येक स्टँडवर पगारी बाई नेमलेलं, उघडं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि सावली. हिरकणी कक्षात फक्त आया आणि बाळं. बचत गटांच्या घरगुती खोल्यांची तपासलेली यादी आणि पाटीवर दर. मेळघाटात सीटप्रमाणे सफारी. एप्रिल ते जून शहरातल्या बागा आणि संग्रहालयं पहाटे सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ. यातल्या बहुतेक गोष्टींना जागतिक निविदा लागत नाही, वन्यजीव मंडळाची परवानगी लागत नाही. माणसं नेमायची, त्यांना वेळेवर पगार द्यायचा आणि महिन्यातून एकदा कुणीतरी न सांगता जाऊन पाहायचं.

एक विनंती शेवटची. पुढच्या दौऱ्यात अमरावतीला याल तेव्हा ताफा अमरावतीतच ठेवा. परतवाड्याहून सकाळची एसटी पकडा, सोबत घरातलं पाच वर्षांखालचं एक लेकरू आणि पंचाहत्तरीपुढचं एक माणूस घ्या. तिकिटाला फारसे पैसे पडणार नाहीत. संध्याकाळी खाली उतरलात की या मागण्यांतली कुठली आधी पूर्ण करायची, ते तुम्ही स्वतःच ठरवाल.

आपली,
अकोल्याची एक आई